पाच, पाच, पन्नास. पण कशाचे?

५:५:५०. पोफळीवाल्याला हे आकडे सांगायला नकोत. कोळेरोग आला की बोर्डो, आणि बोर्डो म्हणजे पाच मोरचूद, पाच चुना, पन्नास पाणी. जुन्या वह्यांत हे लिहिलेलं आहे, कुणाच्या खळ्यातल्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं आहे, आणि पावसाला सुरुवात झाल्यापासून तेच पुन्हा मोबाईलवर फिरतंय. खाली ठरलेली ओळ: जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोचवा. पोचवा तर पोचवा, पण पाच काय आणि पन्नास काय, ते कुठंच नाही. आकड्यांपुढे एकक नाही.

मंडळी, एककाशिवाय आकडा म्हणजे बिनटोपणाची बाटली. आत काय आहे ते वास घेऊन ठरवायचं.

उत्तर सांगतो. पाच पौंड मोरचूद, पाच पौंड चुना, पन्नास गॅलन पाणी. गॅलनही इंग्लंडचा. इंग्रजांनी १८२४ सालच्या कायद्यात आपला गॅलन असा बांधून घेतला की त्यात बरोबर १० पौंड पाणी मावावं. म्हणजे ५० गॅलन पाणी झालं ५०० पौंडांचं, आणि ५०० पौंडांना ५ पौंड मोरचूद म्हणजे शेकडा एक. आजच्या भाषेत १ टक्का बोर्डो: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. पटत नसेल तर मोडून बघा. ५ पौंड म्हणजे २.२७ किलो, ५० गॅलन म्हणजे २२७ लिटर. शेकडा एकच येतो. ज्यानं हे सूत्र बसवलं त्याचं काही चुकलेलं नाही. हिशेब नेटका आहे.

आता आजचा माणूस काय करणार? त्याच्या दुकानात पौंड मिळत नाही, घरात गॅलनचं माप नाही. तो ५ किलो मोरचूद तोलणार आणि ५० लिटर पाणी घेणार. झालं १० टक्के. दहापट. आणि याच्यात आणखी एक गोम आहे. १० टक्क्यांचं मिश्रण खोटं नाहीच. त्याला बोर्डो पेस्ट म्हणतात, १ किलो, १ किलो, १० लिटर. आंब्याच्या नाहीतर काजूच्या बुंध्याला ब्रशनं लावायची. म्हणजे तेच तीन आकडे पौंड-गॅलनात फवारणी होतात आणि किलो-लिटरात मलम होतात.

आमच्या बाजूला मुंबईची नोकरी सोडून आलेला एक मुलगा आहे. कष्टाळू, वाचणारा. गेल्या पावसात त्यानं मोबाईलवर आलेलं वाचून असंच मलम पंपात भरलं. नोझल दर दोन मिनिटांनी तुंबत होतं, वर चढलेला गडी वैतागला, आणि शेजारपाजारचे म्हणाले, "चुना खराब आसेल रे." चुन्याचा काय दोष? दहा फवारण्यांचं मोरचूद एका फवारणीत संपत होतं. त्यातलं बरंच तांबं मुळाशी गेलं. तांबं काही कुजून जात नाही, मातीत बसून राहतं. हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि ज्यानं ते आकडे फिरवले तो आजही फिरवतोय.

कुणी म्हणेल, इतकं काय, मोबाईलमध्ये रूपांतर करून मिळतं की. मिळतं ना! 'एक गॅलन म्हणजे किती लिटर' विचारा, बहुतेक वेळा ३.७८५ असं उत्तर येईल. तो अमेरिकेचा गॅलन. इंग्रजांच्या काळातल्या आपल्या पुस्तकांना ४.५४६ चा गॅलन लागतो. दोघांत पाचव्या हिश्शाचा फरक. अमेरिकेच्या गॅलनात पाणी मावतं ८.३४ पौंड, त्यामुळे त्यांच्या पुस्तकात ४:४:५० लिहिलेलं असेल तर ते चार पौंडांच्या हिशेबानं ०.९६ टक्के येतं, आपल्या एक टक्क्याच्या जवळ. आणि ५:५:५० असेल तर १.२ टक्के. यंत्राला गॅलन कळतो, तो कुणाचा ते कळत नाही. ते पुस्तकानं लिहायला हवं होतं.

सगळ्यात हसू येण्यासारखं पुढेच आहे. हे मिश्रण जन्मलं तेव्हा किलो-लिटरातच होतं. फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं १८८५ मध्ये द्राक्षाच्या केवड्यावर हे औषध जाहीर केलं. त्याचं माप होतं ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यात, आणि १५ किलो चुना ३० लिटर पाण्यात. आजच्या मानानं भलतंच जाड, ते पुढे हळूहळू पातळ होत गेलं. इंग्रजीत गेल्यावर त्याचे पौंड-गॅलन झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या कॅनेडियन शास्त्रज्ञानं सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डोची फवारणी बसवली; कोळेरोग हा शब्दसुद्धा कानडीच, कुजण्यावरून आलेला. म्हणजे औषध किलोतून पौंडात गेलं, आणि पौंडातून परत किलोत येताना नुसते आकडे आले, एकक वाटेत सांडलं.

देशानं तर मापं केव्हाच बदलली. १९५६ चा वजनमापांचा कायदा, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं, आणि चार-पाच वर्षांत शेर, पौंड बाजारातून बाद. त्याला साठ वर्षं होऊन गेली. काटा बदलला, हे खरंय. पण औषधाची भाषा कुणी बदलली? सातबारा हेक्टर-आरमध्ये. दुकानदार बोलतो एकरात. आपण आपसात बोलतो गुंठ्यात, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अस्सल इंग्रजी साखळीतून आलेला. बाटलीला चिकटवलेल्या पत्रकावर हेक्टरी ग्रॅम, हेक्टरी मिली, हेक्टरी लिटर पाणी. दुकानातली चिठ्ठी म्हणते 'एका पंपाला ३०'. फवारणारा गडी झाकणानं मोजतो. आणि कोकणातला बागायतदार यातलं काहीच मोजत नाही, तो कलमं मोजतो. "तुमची बाग केवढी?" विचारलं तर आपण "दीडशे कलमं" असंच सांगतो ना?

पंप हे एकक नाही, हे एकदा ठासून सांगतो. पाठीवरचा पंप १५ लिटरचा असतो, १६ चा असतो, १८ चा, २० चा असतो. ३० मिली १५ लिटरमध्ये टाकलं तर लिटरला २ मिली. २० लिटरमध्ये टाकलं तर दीड. चिठ्ठी एकच, औषध पाऊणपट. टिपाडाचीही तीच कथा. सगळे म्हणतात 'दोनशे लिटरचं बॅरल'. तेलाचं जे लोखंडी टिपाड येतं ते मुळात ५५ अमेरिकन गॅलनचं, २०८ लिटरचं. प्लॅस्टिकची निळी टिपाडं काठोकाठ भरली तर त्याहून जास्तही घेतात. आणि झाकण? एका कंपनीचं झाकण दुसऱ्या कंपनीच्या झाकणाएवढं असावं असा कुठला नियम आहे?

आता पीपीएमकडे येतो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथं आहे आणि तो शिकलेल्या लोकांकडून होतो. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. पाण्यात धरायचं तर लिटरला १ मिलिग्रॅम. मातीत किंवा फळात धरायचं तर किलोला १ मिलिग्रॅम. हवेत धरायचं तर घनमीटरला १ मिलिलिटर. आंबा पिकवायच्या खोलीत इथिलीन १०० पीपीएमपर्यंत चालतं असं अन्नसुरक्षेचा नियम सांगतो, ते हे हवेतलं. १०० पीपीएम म्हणजे घनमीटर हवेला १०० मिली वायू. खोली फुटात मोजली असेल, दहा बाय दहा बाय दहा, तर ती १००० घनफूट, म्हणजे २८.३ घनमीटर, तिला २.८३ लिटर वायू पुरतो. हे तीन निरनिराळे पीपीएम आहेत, नाव एक आहे. आणि आपल्याकडे शिकवलं काय जातं? '१ मिली प्रति लिटर म्हणजे १००० पीपीएम.' बस्स.

कशाचे १००० पीपीएम? बाटलीतल्या द्रवाचे, हो. पण बाटलीत शंभर टक्के औषध असतं का? मोहोरानंतर कैरी वाटाण्याएवढी, मग गोटीएवढी झाली की गळ कमी करायला २० पीपीएम एनएए सांगतात. २० पीपीएम ही शिफारस एनएएची आहे, बाटलीची नाही. बाजारात ते ४.५ टक्क्यांचं मिळतं. २०० लिटरचा हिशेब करा: लिटरला २० मिलिग्रॅम, २०० लिटरला ४००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम. ४.५ टक्क्यांच्या बाटलीत दर मिलीला ४५ मिलिग्रॅम. भागा. ८९ मिली. आता 'लिटरला १ मिली म्हणजे १०००' हे पाठ केलेला माणूस काय करेल? २० पीपीएम म्हणजे लिटरला ०.०२ मिली, २०० लिटरला ४ मिली. बावीसपट कमी. तो झाडावर पाणी मारतोय. डिझेल गेलं, दोन गड्यांची मजुरी गेली, कैरी गळायची ती गळलीच. मग तो म्हणतो औषध डुप्लिकेट आहे. बाजारात डुप्लिकेट औषधं आहेतच, मी नाही म्हणत नाही, पण दरवेळी बाटलीच खोटी नसते. पुष्कळदा वाक्य अर्धवट असतं.

जास्त पडलं तर झाड दाखवतं, कमी पडलं तर काहीच दिसत नाही, म्हणून कमी पडण्याची कुणाला चिंता नाही. तुडतुड्यांना वर्षानुवर्षं अर्धामुर्धा डोस दिला की मरायचे ते मरतात आणि टिकायचे ते टिकतात. पुढच्या वर्षी त्यांचीच पिलावळ मोहोरावर.

आणि आता ज्या विषयावर आपल्या भागात भांडणं होतात तो. पॅक्लोब्युट्राझॉल, आपण सगळे ज्याला कल्टार म्हणतो ते. हंगाम चालू आहे, १५ जुलै ते १५ ऑगस्ट. दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस सगळ्यांना ऐकून माहीत आहे: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे ३ मिली औषध. विस्तार पूर्व-पश्चिम मोजायचा, दक्षिण-उत्तर मोजायचा, दोघांची सरासरी घ्यायची.

दर मीटरला. पण बागेत मीटरचा टेप कोण नेतं? फूट नेतात, नाहीतर पावलं टाकतात. समजा कलम एका बाजूनं २४ फूट, दुसऱ्या बाजूनं २६. सरासरी २५ फूट, म्हणजे ७.६ मीटर. औषध लागतं २३ मिली. 'व्यासाला तीन' एवढंच कानावर असलेला माणूस २५ ला तिनानं गुणतो आणि ७५ मिली ओततो. सव्वातीनपट. हे पुस्तकी उदाहरण आहे असं समजू नका. "एका कलमाला पाऊणशे मिली टाकतो आम्ही" असं अभिमानानं सांगणारे मला भेटलेत, आणि त्यांच्या कलमांचा विस्तार किती ते विचारलं की उत्तर फुटात येतं.

बाग स्वतःची असेल तर माणूस निदान दोन वर्षांनी झाडाकडे बघून थबकतो. पालवी आखूड, मोहोर गच्च गोळा झालेला, नवी फूट दबलेली. हे त्याला दिसतं, टोचतं. पण बाग कराराने दिलेली असेल तर? घेणाऱ्याला दोन-तीन हंगाम काढायचे असतात. त्याला तिप्पट डोस ही चूक वाटतच नाही, ती त्याची सोय असते. आणि मालक मुंबईत किंवा पुण्यात. करारपत्रात पैसे लिहिलेले असतात, हप्ते लिहिलेले असतात, राखणदाराची खोली कुणी दुरुस्त करायची तेही लिहिलेलं असतं. कल्टार किती घालायचं ते लिहिलेलं मी आजवर एका करारात पाहिलं नाही. लिहायला काय जातं? 'दर मीटर व्यासाला ३ मिलीहून जास्त नाही, मोजणी मालकाच्या माणसासमोर.' एवढी एक ओळ. ती लिहा म्हटलं की लोक म्हणतात, "असा अविश्वास कसा दाखवायचा?" पैशाच्या हप्त्यांबाबत दाखवता ना?

याच बाटलीवर आणखी एक बारीक अक्षर आहे. तिच्यावर २३ टक्के लिहिलेलं असतं, आणि जवळच २५ टक्के. बरेच जण विचारतात, यातलं खरं कुठलं? दोन्ही खरी. २३ टक्के वजनाला वजन, १०० ग्रॅम द्रवात २३ ग्रॅम. २५ टक्के वजनाला आकारमान, १०० मिली द्रवात २५ ग्रॅम. हे औषध पाण्यापेक्षा जड आहे म्हणून दोन आकडे. आपण बाटली तोलत नाही, मापानं ओततो, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा २५ चा. ०.७५ भागिले ०.२५ बरोबर ३ मिली. २३ धरलं तर ३.२६ येतं. फरक फार नाही, मान्य. पण ज्या पत्रकात टक्का कशाला कशाचा ते लिहिलेलं नाही, त्यात फरक लहान आहे की मोठा हे शेतकऱ्यानं कसं ओळखायचं?

मातीच्या कार्डाबद्दल बोललो नाही तर हे अर्धंच राहील. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मिळते. चांगली योजना, मी तिच्या विरोधात नाही. पण कार्ड हातात घ्या. नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी किलोमध्ये. खाली जस्त, लोह, बोरॉन पीपीएममध्ये. एकाच कागदावर दोन भाषा. प्रयोगशाळेत मोजलं जातं ते सगळं पीपीएममध्येच, किलोला मिलिग्रॅम. मग वरच्या तिघांचे हेक्टरी किलो कुठून आले? २.२४ नं गुणून. नत्र २८० किलो लिहिलं असेल तर मोजलेला आकडा १२५ पीपीएम होता.

आणि हा २.२४ कुठून आला? इथं पौंड पुन्हा डोकं वर काढतो. परदेशातल्या नांगरटीच्या शेतात सहा-सात इंच खोलीची एकरभर माती २० लाख पौंडांची धरायची, असा ठोकळ हिशेब होता. तेच हेक्टर आणि किलोत बदललं की २२.४ लाख किलो होतात. म्हणजे कार्डावरचं एकक दिसायला मेट्रिक, पोटात पौंड-एकर. बदलायला हरकत नव्हती. पण त्या हिशेबात एक गृहीत आहे: हेक्टरभर सलग १५ सेंटिमीटर माती.

रत्नागिरीच्या कातळावर? सलग १५ सेंटिमीटर? आमच्याकडे जांभ्यात सुरुंग लावून नाहीतर यंत्रानं खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली, आणि कलमं लावली. दहा मीटर बाय दहा मीटर, हेक्टरी १०० खड्डे, मीटरभर लांब, रुंद, खोल. एकूण माती १०० घनमीटर. आणि कार्डाचा हिशेब धरतो १५०० घनमीटर. पंधरापट! मुळं पुढे भेगांतून शिरतात, आजूबाजूला पसरतात, हे खरं; तरी हेक्टरी किलो हा आकडा कातळावरच्या बागेला अर्थहीन आहे. पावसच्या खालच्या मळ्यातल्या भातखाचराला तो चालेल. कातळाला नाही. मला पीपीएम द्या, नमुना किती खोलीवरून घेतला ते द्या, माझ्या खड्ड्यात माती किती ते मला ठाऊक आहे. पुढचा गुणाकार मी करतो.

त्यातच स्फुरदाची गंमत. कुठल्या अहवालात तो नुसता स्फुरद असतो, कुठल्या अहवालात पी-टू-ओ-फाइव्ह. १ किलो स्फुरद म्हणजे २.२९ किलो पी-टू-ओ-फाइव्ह. खताच्या गोणीवर दुसरा आकडा असतो. अहवाल पहिला आणि गोणी दुसरी असं जुळवलं की दुपटीहून जास्त चूक, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे सगळं ऐकून एक जण मला म्हणाला, "तुमचा हिशेब विमान उडवणाऱ्यांसाठी ठीक, आम्ही चिखलातली माणसं." तर विमानाचंही सांगतो. १९८३ च्या जुलैमध्ये एअर कॅनडाचं एक विमान हवेत असताना इंधन संपून दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅनडा तेव्हा पौंडातून किलोत जात होता. एक लिटर इंधनाचं वजन किती, तर १.७७, असा आकडा कागदावर होता. ते पौंड होते, माणसांनी ते किलो समजून घेतले. खरा आकडा ०.८ किलोच्या आसपास. भरलं निम्म्याहून कमी. गिमली नावाच्या गावी जुन्या धावपट्टीवर वैमानिकांनी ते इंजिनाविना उतरवलं, माणसं वाचली. तिथंही आकडा चुकीचा नव्हताच. एकक सांडलं होतं. शिकलेली, पगारी, तपासणीवर तपासणी करणारी माणसं तिथं होती. आणि आमच्याकडे अपेक्षा अशी की पावसात भिजलेल्या गड्यानं झाकण हातात धरून हेक्टरी ग्रॅमचं लिटरी मिली करावं, तेही मनातल्या मनात.

"आमच्या आजोबांनी कुठं मोजलं?" हा दुसरा आक्षेप. आजोबांनी मोजलं, आणि आपल्यापेक्षा चांगलं मोजलं. बोर्डो तयार झालं की कोयत्याची घासून स्वच्छ केलेली पात त्यात बुडवायची. पात तांबूस झाली म्हणजे मोरचूद मोकळं उरलंय, आणखी चुन्याचं पाणी घाला. पात आहे तशी राहिली म्हणजे फवारायला हरकत नाही. या परीक्षेला पौंड लागत नाही, किलो लागत नाही. चुना जुना आहे की ताजा, विरलेला आहे की कळीचा, हेही तीच सांगते, जे कुठलंच सूत्र सांगू शकत नाही. अंदाजानं काम करणारा माणूस अशी परीक्षा ठेवत नाही. म्हणून आजोबांचं नाव अंदाजाच्या बाजूनं घेऊ नका.

माझी मागणी फार मोठी नाही आणि ती शेतकऱ्याकडे नाही, लिहिणाऱ्याकडे आहे. शिफारस लिहिणारे, पत्रक छापणारे, दुकानात चिठ्ठी फाडणारे, मोबाईलवर पुढे ढकलणारे, सगळे. औषधाचं लिहा तर बाटलीतल्या द्रवाचं की क्रियाशील घटकाचं ते लिहा. टक्का लिहा तर वजनाला वजन की वजनाला माप ते लिहा. फवारणीचं प्रमाण लिटरला लिहा, मग माझा पंप पंधराचा असो की विसाचा. मुळाशी द्यायचं असेल तर कलमाला लिहा, आणि कलम केवढं तेही. हेक्टरी आकडा सरकारी फायलीला हवा असेल तर तो खाली बारीक अक्षरात द्या, आत्ता जे बारीक अक्षरात असतं ते वर आणा. जुनं पुस्तक परत छापणार असाल तर आकडे नुसते उचलू नका, पौंडांचे किलो करून मग छापा. आणि परदेशातला 'गॅलनला दोन मोठे चमचे' असला नुस्खा मराठीत आणणार असाल तर तुम्हीच तो मोडून आणा: गॅलन अमेरिकेचा असेल तर लिटरला पावणेआठ मिली होतात. ते काम वाचणाऱ्याच्या गळ्यात का?

तोवर आपण आपलं करायचं ते करायचं. मी टिपाडाला २०० लिटरची खूण स्वतः घातली. २० लिटरच्या कॅनानं दहा वेळा पाणी ओतून, तेलरंगानं. खूण काठाखाली पाच बोटं आली, म्हणजे इतके दिवस ते टिपाड भरून 'दोनशे' म्हणणाऱ्यांचं पाणी किती जास्त होत होतं बघा. पंपालाही पट्टी ओढलीय. औषधाला दवाखान्यातली सुईविना सिरिंज, खुणांसकट, मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते; तिच्यावर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून ती गोदामातच टांगून ठेवायची, घरात आणायची नाही.

पोफळीवरची पावसाआधीची फवारणी झालेली आहे, दुसरीला आता चाळीस दिवस होत आलेत. दोन दिवस उघडीप मिळाली की घेणार. २०० लिटरला २ किलो मोरचूद, २ किलो चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून, आणि पात बुडवून बघितल्याशिवाय पंपात नाही.